घबराटीवरची गोळी : किती आणि किती दिवस?

गेल्या महिन्यात सिंदेवाहीकडच्या एक साठीच्या बाई सुनेसोबत दवाखान्यात आल्या. सुनेची तक्रार अशी की, आठवडाभरापासून सासूबाई दिवसाही पेंगतात, बोलताना त्यांची जीभ जड होते आणि परवा तर चुलीसमोर बसल्या बसल्या डोळा लागून पदराला झळ लागली. लकवा तर मारला नसेल ना, अशी घरात सर्वांना शंका. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, हातापायांची ताकद तपासली. सर्व ठीक होते. मग नेहमीप्रमाणे म्हटले, घरात असतील नसतील त्या सर्व गोळ्यांची पिशवी आणा.

पिशवीत उत्तर होते. मी स्वतःच दहा दिवसांसाठी लिहून दिलेल्या अल्प्राझोलामच्या गोळ्या संपल्यावर बाईंनी त्याच चिठ्ठीवर दुसरे पाकीट आणले होते. "पंचवीसची गोळी मेडिकलात नव्हती, त्यानं पाचची देल्ली," बाई म्हणाल्या. "पाच म्हंजे कमीच होय न? म्हून मी दोन-दोन खाल्ल्या."

पहिल्या पाकिटावर ०.२५ छापले होते आणि दुसऱ्यावर ०.५. टिंबाआधीचे शून्य सोडून वाचले तर पंचवीस आणि पाच. प्रत्यक्षात ०.२५ म्हणजे पाव मिलिग्रॅम आणि ०.५ म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. बाई पाव घ्यायच्या त्या जागी दोन अर्ध्या, म्हणजे पूर्ण एक मिलिग्रॅम घेऊ लागल्या. चौपट! आणि तेही कमी पडू नये म्हणून हिशेबाने. हा दोष मी बाईंवर टाकणार नाही. चिठ्ठीवर "पाव मिलिग्रॅम" असे मराठीत लिहिले असते आणि तोंडी समजावले असते तर हे घडले नसते. त्या दिवसापासून मी तसे लिहितो.

वाचकहो, आजचा विषय ही गोळीच आहे. कोणी तिला झोपेची म्हणतो, कोणी टेन्शनची, कोणी नुसतेच "ती बारीक गोळी" म्हणतो. आकाराने बारीक म्हणून ती सौम्य, असा समज आहे. क्रोसिनची गोळी ५०० मिलिग्रॅमची आणि ही पाव मिलिग्रॅमची, मग हिच्यात असे काय असणार? पण औषधाचा जोर वजनावर ठरत नसतो. एकाच घराण्यातल्या गोळ्या एकमेकांशी ताडून पाहा. डायझेपाम १० मिलिग्रॅम, लोराझेपाम १ मिलिग्रॅम आणि अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम फक्त अर्धा मिलिग्रॅम, या सर्वांचा परिणाम ढोबळमानाने सारखा असतो. म्हणून शेजारणीने "मी पाचची घेते" म्हटले तर कोणत्या औषधाची पाच, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. नावे लक्षात राहत नसतील तर शेवटची अक्षरे पाहा. या घराण्यातल्या बहुतेक नावांचा शेवट "झेपाम" किंवा "झोलाम" असा होतो. (बुरशीच्या काही औषधांचा शेवट "झोल" असतो, ती वेगळी. पण त्यांचाही या गोष्टीत पुढे संबंध येणार आहे.)

हे घराणे तसे फार जुने नाही. लिओ स्टर्नबाख नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने रोश कंपनीत शोधलेले लिब्रियम १९६० साली बाजारात आले आणि १९६३ साली व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम. त्याआधी बार्बिट्युरेट जातीच्या गोळ्या असत. त्यांची नेमकी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर इतके थोडे की चुकीला माफी नव्हती. त्या मानाने ही नवी औषधे फार सुरक्षित वाटली आणि जगभर पेढ्यासारखी वाटली गेली. आपल्याकडे डायझेपाम आले ते "कॉम्पोज" या नावाने. आमच्या लहानपणी कोणाच्या घरी मयत झाली की "तिला एक कॉम्पोज द्या" हे वाक्य हमखास ऐकू यायचे. कंपनीचे नाव हेच औषधाचे नाव झाले होते. सवयीचा धोका पूर्णपणे लक्षात यायला पुढे बराच काळ गेला.

आता ही गोळी करते काय? आपल्या मेंदूला जसा धावण्याचा जोर असतो तसा एक ब्रेकही असतो. गाबा नावाचे रसायन हे ब्रेकचे काम करते. भीतीने जीव घाबरा झाला, छातीत धडधड झाली, हाताला घाम सुटला की हा ब्रेक पुरेसा लागत नाही. गोळी त्या ब्रेकवर पाय ठेवते. अर्ध्या ते एक तासात माणूस शांत होतो. हा अर्धा-एक तास महत्त्वाचा आहे, कारण पंधरा मिनिटांत काही वाटले नाही म्हणून दुसरी गोळी घेणारे अनेक जण मी पाहिले आहेत. दोन्ही एकदमच लागू पडतात आणि मग माणसाला पाय टाकता येत नाही.

मात्रेबद्दल बोलायचे तर, इथे दिलेले आकडे तुमची चिठ्ठी ताडून पाहण्यासाठी आहेत, चिठ्ठीच्या ऐवजी वापरण्यासाठी नाहीत. प्रौढ, निकोप प्रकृतीच्या माणसाला चिंतेसाठी अल्प्राझोलाम पाव ते अर्धा मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीन वेळा, अशी सुरुवात होते. डायझेपाम २ मिलिग्रॅम तीन वेळा. लोराझेपामची दिवसभराची एकूण मात्रा १ ते ४ मिलिग्रॅमच्या दरम्यान. क्लोनाझेपाम पाव मिलिग्रॅम दोन वेळा. पुस्तकात अल्प्राझोलामची कमाल मर्यादा दिवसाला ४ मिलिग्रॅम दिलेली आहे, पण साध्या दवाखान्यात तिच्या जवळपासही जायची वेळ येऊ नये. आली तर तो रोगी मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवण्याचा आहे. साठ-पासष्टीच्या पुढे वरचे सर्व आकडे निम्मे करायचे. यकृताचा आजार असेल तर याहूनही सांभाळून, किंवा नाहीच. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई करायची नाही. ती चुकली ती चुकली.

म्हाताऱ्या माणसाला निम्मी का, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. बोडीत रोज एक मोट पाणी ओतले आणि तेवढेच रोज बाहेर गेले तर पातळी वाढत नाही. पण बाहेर जायची मोरी गाळाने अर्धी बुजली तर आठ दिवसांत बोडी काठाला येते, आणि ओतणारा म्हणतो, मी तर रोजच्याइतकेच ओततो! अल्प्राझोलामची निम्मी मात्रा शरीराबाहेर जायला साधारण ११ तास लागतात, म्हातारपणी त्याहून जास्त. क्लोनाझेपामला ३०-४० तास. डायझेपाम तर शरीरात गेल्यावर दुसऱ्या एका पदार्थात बदलते आणि तो पदार्थ कित्येक दिवस रेंगाळतो. त्यामुळे पहिल्या रात्री सोसलेली मात्रा दहाव्या दिवशी जड होते. आजोबा "विसरभोळे झाले" असे घरचे म्हणतात, आणि खरे तर तो विसरभोळेपणा पाकिटातला असतो.

आणि आजी रात्री लघवीला उठतात. अंधार, उंबरठा, मातीचे अंगण आणि डोक्यात गोळीचा अंमल. मोडलेल्या खुब्याचे जे म्हातारे रोगी माझ्याकडे येतात, त्यांच्या उशाखाली झोपेची गोळी आहे का, हे मी पहिल्यांदा विचारतो. खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रियेसाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते आणि सत्तरीनंतर अनेक जण पूर्वीसारखे चालत नाहीत, काही तर वर्षही काढत नाहीत. पाव मिलिग्रॅमच्या झोपेची ही किंमत मला परवडण्यासारखी वाटत नाही. वयस्कर माणसाची झोप लवकर मोडते, पहाटे तीनला जाग येते, हा बहुतेक वेळा आजार नसून वय असते. दुपारची झोप बंद करा, संध्याकाळचा चहा बंद करा, असे सांगितले की मात्र रोगी नाराज होतो.

खर्ऱ्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. दिवसाला दहा-दहा खर्रे खाणारा माणूस येऊन सांगतो की छातीत धडधडते, झोप येत नाही, गोळी द्या. तंबाखूतले निकोटिन धडधड वाढवणारच. आधी खर्रा, मग गोळी, म्हणजे एका पायाने गाडी पळवायची आणि दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. रक्त कमी असणे, थायरॉइड, साखर खाली जाणे, दम्याच्या काही गोळ्या यांनीही हुबेहूब घबराटीसारखी लक्षणे होतात. ही कारणे न शोधता दिलेली मात्रा, ती कितीही थोडी असो, चुकीचीच मात्रा.

या गोळीचे खरे वैर आहे ते सोबतच्या औषधांशी आणि दारूशी. एकटी ही गोळी सहसा श्वास थांबवत नाही. पण दारूही मेंदूच्या त्याच ब्रेकवर पाय ठेवते. दोन पाय एकदम पडले की झोप गाढ होत होत श्वास मंदावतो, उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि घरचे समजतात की माणूस घोरतो आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, मोहाची दारू कुठे मिळते हे रोग्याला आणि डॉक्टरलाही माहीत असते. तेव्हा लाजू नका. पीत असाल तर सांगा. मी पोलीस नाही. दारू सोडताना होणारी थरथर थांबवण्यासाठी याच घराण्यातली औषधे आम्ही आठ-दहा दिवस, रोज मात्रा उतरवत देतो, तो उपचारच आहे. पण पिणे चालू ठेवून वर गोळी, हे मात्र चालणार नाही.

आणि ताडी. आपल्या जिल्ह्यांच्या दक्षिणेला प्राणहिता आणि गोदावरी ओलांडली की तेलंगण लागते. तिकडे ताडीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि अल्प्राझोलामची भेसळ करण्याचा प्रकार बऱ्याच वर्षांपासून उघड होत आला आहे. खरी ताडी कमी, पाणी, साखर आणि झिंगेसाठी ही पूड. २०१५ साली तिथल्या सरकारने भेसळीविरुद्ध मोहीम काढली आणि भेसळीची ताडी एकाएकी मिळेनाशी झाली. त्यानंतर निजामाबाद आणि आसपासच्या भागातल्या सरकारी दवाखान्यांत रोग्यांची रीघ लागली. हातपाय थरथरणे, भास होणे, बडबड, फिट. यातल्या कितीतरी जणांनी जन्मात मेडिकलमधून झोपेची गोळी घेतली नसेल. त्यांना औषधाची सवय लागली होती आणि ती लागल्याचे त्यांना माहीतही नव्हते. आपल्याकडून दरवर्षी मिरची तोडायला मजुरांचे जथे तेलंगणात जातात. परत आल्यावर दोन-चार दिवसांत कोणाची झोप उडाली, अंग थरथरू लागले, नसलेले दिसू-ऐकू लागले किंवा फिट आली तर भूतबाधा म्हणून अंगारा लावत बसू नका. दवाखान्यात आणा आणि तिकडे ताडी पीत होता हे आठवणीने सांगा. हे एक वाक्य कळले की उपचार निम्मा सोपा होतो.

औषधांच्या भांडणांपैकी दोन आपल्याकडे नेहमी घडतात. गजकर्णाची साथ अलीकडे घरोघर आहे आणि त्यासाठी इट्राकोनाझोलच्या गोळ्या महिना-महिना चालतात. हेच ते "झोल". ते यकृतात अल्प्राझोलाम बाहेर काढणारी मोरी बुजवते. रोगी रोजचीच मात्रा घेतो पण रक्तात ती कित्येक पटीने वाढते. ही दोन औषधे एकत्र द्यायचीच नाहीत असा स्पष्ट नियम आहे, पण खाज एका डॉक्टरकडे आणि घबराट दुसऱ्याकडे असेल तर नियम पाळणार कोण? क्षयाच्या औषधांतले रिफॅम्पिसिन याच्या उलट करते. मोरी रुंद होते, गोळी लागू पडेनाशी होते, रोगी आपल्या मनाने दोनच्या तीन करतो, आणि सहा महिन्यांनी क्षयाचे औषध संपले की त्याच तीन गोळ्या जास्त होतात. दुखण्यावरचे ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध तर श्वासच मंद करतात, त्यांच्यासोबत ही गोळी म्हणजे दारूसोबत घेण्यासारखेच. सर्दीच्या गोळ्याही गुंगी वाढवतात.

काही वेळा ही गोळी वेषांतर करून येते. पोटात मुरडा येतो, गॅस होतो म्हणून दिल्या जाणाऱ्या एका जोड-गोळीत क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड असते. क्लोरडायझेपॉक्साइड म्हणजेच मूळचे लिब्रियम. उदासीवरच्या गोळीत ॲमिट्रिप्टिलिनसोबत तेच, आणखी एकीत एस्सिटॅलोप्रामसोबत क्लोनाझेपाम, धडधडीवरच्या गोळीत प्रोप्रॅनोलोलसोबत अल्प्राझोलाम. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, त्यांना पोटासाठी, झोपेसाठी आणि धडधडीसाठी अशा तीन ठिकाणांहून तीन गोळ्या चालू होत्या आणि तिन्हींत एकाच घराण्यातली औषधे. ते ट्रॅक्टर चालवायचे. घुग्गुस-बल्लारपूरकडे खाणीत पाळीने काम करणाऱ्यांनी, रात्री ट्रक हाकणाऱ्यांनी आणि मळणीयंत्रावर उभे राहणाऱ्यांनी ही गोळी घेतली असेल तर त्या कामावर जायचे नाही, मग डोके कितीही स्वच्छ वाटो. गोळीच्या अंमलाखाली माणसाला आपली गुंगी स्वतःला कळत नाही.

झोपेत मोठ्याने घोरणाऱ्या आणि मधेच श्वास अडकणाऱ्या माणसाने, चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे दमलेल्या छातीच्या बायांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरला ते सांगितलेच पाहिजे.

जास्त गोळ्या पोटात गेल्याचे कळले, मग त्या चुकून असोत की मुद्दाम, तर उलटी करवू नका, मिठाचे पाणी पाजू नका. एका कुशीवर झोपवा, श्वास पाहत राहा, १०८ ला फोन करा आणि रिकामे पाकीट सोबत घ्या. मुद्दाम घेतल्या असतील तर रागावू नका, ते नंतर. घरात कोणी जिवाला कंटाळल्यासारखे बोलत असेल तर गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात, आठ-आठ दिवसांच्याच आणाव्यात. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते.

आता थोडे आपल्या भागातल्या भीतीबद्दल. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या पट्ट्यात उन्हाळ्यात मोह वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याची बातमी दरवर्षी येते. सोबतच्या बाया ते डोळ्यांनी पाहतात. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन नातेवाईक येतात. झोप नाही, दचकते, रडत नाही, बोलत नाही, काहीतरी द्या. पूर्वी मी अशा वेळी डायझेपामचे इंजेक्शन देत असे आणि आठवड्याच्या गोळ्या लिहून देत असे. त्यात दया होती, पण शास्त्र नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली दिलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की, अशा भयंकर प्रसंगानंतरच्या पहिल्या महिन्यात मानसिक त्रासासाठी किंवा झोपेसाठी प्रौढांनाही ही औषधे देऊ नयेत. मी आता देत नाही. सोबत कोणीतरी झोपावे, खाणेपिणे वेळेवर व्हावे, तिला बोलावेसे वाटेल तेव्हा ऐकून घ्यावे, बळजबरीने पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये, एवढेच सांगतो. आणि महिन्यानंतरही तीच स्थिती राहिली तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवतो. एका बाईने मला विचारले होते, "डॉक्टरसायेब, वाघ अजून तिथंच हाये, मंग मले भेव वाटते हे बिमारी कशी?" मला उत्तर देता आले नाही. तिची भीती अगदी योग्य मात्रेत होती.

राहिला प्रश्न किती दिवसांचा, आणि इथे मला माझी स्वतःची चूक सांगायची आहे. २००८ साली एका राइस मिलमधले मुनीम वडील वारल्यानंतर माझ्याकडे आले. घबराट, झोप नाही. मी अल्प्राझोलाम पाव मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ पंधरा दिवस लिहून दिले. ते बरोबर होते. पण चिठ्ठीच्या खाली घाईत "पुढे चालू" असे दोन शब्द लिहिले. ते दोन शब्द तीन वर्षे चालले. चिठ्ठीच्या घड्या फाटल्या, तिला चिकटपट्टी लागली, पण गोळ्या मिळत राहिल्या. मधे केव्हातरी पाव लागू पडेना म्हणून त्यांनी अर्ध्याच्या सुरू केल्या.

२०११ च्या महाशिवरात्रीला ते मार्कंड्याच्या जत्रेला गेले. पाकीट घरी विसरले. पहिला दिवस बेचैनीत गेला. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा नाही, अंगाला घाम, आवाज सहन होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी वैनगंगेच्या पात्रात उभे असतानाच त्यांना फिट आली. पाणी घोट्याइतके होते आणि माणसे जवळ होती म्हणून वाचले. कोणी कांदा लावला, कोणी चप्पल हुंगवली, कोणी म्हणाले देव अंगात आला. पुढे नागपूरला जाऊन डोक्याचा सीटी स्कॅन झाला, तो निर्दोष. मिरगीची गोळी सुरू करायची का, हे विचारायला ते माझ्याकडे आले तेव्हा मी ती चिकटपट्टीची चिठ्ठी पाहिली.

झाले होते असे की, बाहेरून ब्रेक सतत दाबलेला असल्याने मेंदूने आपला ब्रेक सैल सोडला होता. गोळी एकदम बंद झाली आणि घाटाच्या उतारावर गाडी ब्रेकशिवाय सुटली. म्हणूनच आता नियम असा आहे की ही गोळी दोन, फार तर चार आठवडे, आणि उतरवत आणण्याचे दिवसही त्यातच धरायचे. चिंता त्यापुढेही राहणारी असेल तर सवय न लागणारी दुसरी औषधे आहेत. त्यांना लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात, तेवढ्यापुरता या गोळीचा आधार. समुपदेशन तर हवेच. पण ज्यांची गोळी महिनोन्‌महिने चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून आज रात्रीपासून ती बंद केली तर माझ्या हातून दुसरी चूक होईल. कृपा करून तसे करू नका. चालू आहे ती मात्रा तशीच ठेवून डॉक्टरकडे जा.

चिठ्ठी बदलण्याबद्दलही सांगतो. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम ही औषधे "एच-१" यादीत आहेत. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव आणि किती गोळ्या दिल्या ते लिहावे लागते, आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. तेव्हा मेडिकलवाला नवी चिठ्ठी मागतो म्हणून त्याच्याशी भांडू नका. तो नाही म्हणतो तेव्हा तो तुमच्या बाजूने असतो.

मुनीमजींची गोळी उतरवायला एक वर्ष लागले. नागपूरच्या एका मानसोपचार तज्ज्ञांना विचारून आम्ही बेत आखला. रोजचा एक मिलिग्रॅम होता, त्यातून पाव मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा कमी, म्हणजे एक अष्टमांश. मग तीन आठवडे थांबायचे. प्रत्येक वेळी कमी केल्यावर तीन-चार दिवस झोप बिघडायची, तोंड कोरडे पडायचे, हिशेबात चुका व्हायच्या, आणि मग शरीर जुळवून घ्यायचे. एकदा त्यांनी हौसेने दोन तुकडे एकदम कमी केले आणि हात थरथरू लागल्यावर परत आले. अर्ध्यापर्यंत उतार बरा झाला, त्याखाली मात्र पाच-पाच आठवडे लागले. धानाचा हंगाम सुरू झाला तेव्हा मिलमध्ये रात्री बारापर्यंत काम, म्हणून दोन महिने काहीच कमी केले नाही. घाई कशाची?

पुढच्या वर्षीच्या महाशिवरात्रीच्या सुमारास शेवटचा अर्धा तुकडा राहिला. तो त्यांनी घेतला नाही आणि टाकलाही नाही. काड्यापेटीत घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मार्कंड्याला जाऊन आले. उन्हाळ्यात तपासायला आले तेव्हा पेटी उघडून दाखवली, तर आत नुसते पांढरे पीठ. रक्तदाबाची गोळी मात्र त्यांना रोज घ्यायची आहे, आणि ती या गोळीसारखी सोडायची नसते, हे दर वेळी नव्याने सांगावे लागते.